मूल आपल्याकडेच का ठेवून घेत नाही?



अमरावती आणि अकोल्याच्या मंडळ्यांमध्ये कामाचा अहवाल द्यायला जाते, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "ताई, एखादे लेकरू मारहाणीत, उपासमारीत किंवा याहून वाईट प्रसंगात सापडले, तर त्याला सरळ आपल्या वसतिगृहात का आणत नाही? सरकारी कचेऱ्यांत कशाला फिरवता?" प्रश्न मायेपोटी येतो, म्हणून त्याचे नीट उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजते.

थोडक्यात उत्तर असे : संकटातले मूल परस्पर ठेवून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि तो नसावा यातच मुलाचे हित आहे. आपले काम वेगळे आहे. ते कोणते, हे समजण्यासाठी आधी सरकारी व्यवस्था समजून घेऊ.

निर्णय कोण घेते?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल हाती आले, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री असावी लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढेही मूल हजर करता येते. मुलाच्या घरची चौकशी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, अशी मुदत कायद्याने घातली आहे.

मूल आईवडिलांकडे राहील, नातेवाइकांकडे की बालगृहात, हे समिती ठरवते. बालगृह हा शेवटचा पर्याय मानावा, असेही कायदा सांगतो. नोंदणी नसलेल्या संस्थेत अशी मुले ठेवणे हा गुन्हा आहे.

हे जाचक वाटेल. पण विचार करा, मूल उचलून नेणारा माणूस भल्या हेतूचा आहे की बुऱ्या, हे त्या लेकराला कसे कळणार? मुले पळवणारेही "शिकवतो, खाऊ घालतो" असेच सांगतात. म्हणून कायद्याने सर्वांना एकच दार ठेवले आहे. आपल्यालाही त्याच दाराने जायचे आहे.

एक मूल आणि पाच खाती

आता एक उदाहरण घेऊ. हे मूल काल्पनिक आहे, पण परिस्थिती आपल्या ओळखीची आहे.

धारणी तालुक्यातले एक कोरकू कुटुंब दिवाळीनंतर अकोल्याजवळच्या वीटभट्टीवर आले. होळीला ते गावी परतणार. नऊ वर्षांची मुलगी गावच्या आश्रमशाळेत होती, आता ती भट्टीवर धाकट्याला सांभाळते. तिथे कोणीतरी तिच्यावर लैंगिक अत्याचार केला.

तिची शाळा आदिवासी विकास विभागाकडे, धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीत. धाकट्याची अंगणवाडी महिला व बाल विकास विभागाकडे. गुन्ह्याचा तपास पोलिसांकडे, तपासणी आरोग्य विभागाकडे आणि वीटभट्टी कामगार विभागाकडे. शिवाय घर अमरावती जिल्ह्यात आणि घटना अकोला जिल्ह्यात. प्रत्येकाकडे तिच्या आयुष्याचा एक तुकडा आहे. अख्खी मुलगी कोणापुढेच नाही.

हे तुकडे जोडण्यासाठीच व्यवस्था केलेली आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला. २०२३ पासून तो सरकार स्वतः चालवते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी तो जोडलेला आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमावा लागतो. जिल्हा बाल संरक्षण कक्ष समिती, पोलीस, रुग्णालय आणि बालगृहे यांचा मेळ घालतो. २०२१ च्या दुरुस्तीने या सर्वांवर देखरेखीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आली आहे.

लैंगिक अत्याचारापासून मुलांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, मुलीला आणखी आधार देतो. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. पोलिसांनी चोवीस तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे. समिती तिला एक साहाय्यक व्यक्ती देऊ शकते, जी खटला संपेपर्यंत सोबत राहते. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्थसाहाय्य मिळू शकते. अकोल्याच्या समितीला चौकशीनंतर हे प्रकरण अमरावतीच्या समितीकडे सोपवता येते. "आमच्या हद्दीत नाही" असे म्हणून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही.

साखळी तुटते कुठे?

कागदावर साखळी पक्की आहे. प्रत्यक्षात ती सांध्यांवर तुटते.

पहिला सांधा भाषेचा. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती वेगळ्याच भाषाकुलातली आहे. घाबरलेले मूल अशा गोष्टी परक्या भाषेत सांगू शकत नाही. दुभाषी देण्याची तरतूद पॉक्सोमध्ये आहे, पण ऐनवेळी कोरकू जाणणारी विश्वासाची बाई मिळायला हवी.

दुसरा सांधा अंतराचा. धारणी ते अमरावती हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाट घाटाची. एका तारखेसाठी आईची दोन दिवसांची मजुरी बुडते.

तिसरा सांधा स्थलांतराचा. होळीला कुटुंब गावी परतले की अकोल्यात पाठवलेली नोटीस भट्टीच्या पत्त्यावर पडून राहते. व्याघ्र प्रकल्पातून अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत पुनर्वसित झालेल्या कुटुंबांचेही नातेगोते दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे, त्यामुळे मूल आज इथे तर उद्या तिथे असते.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे नाही. लंडनमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी सांभाळणाऱ्यांच्या छळाने दगावली. तिला समाजसेवा खात्याने पाहिले होते, पोलिसांनी पाहिले होते, रुग्णालयांनीही पाहिले होते. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला. तिला वाचवण्याच्या संधी एकदा नव्हे, अनेकदा हुकल्या होत्या. श्रीमंत देशातही प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला आणि पुढच्याने पाहिले असेल असे मानले.

पहिली कडी गावातच

मेळघाटात आजारी तान्ह्याच्या पोटावर चटके देण्याची 'डंबा' नावाची जुनी प्रथा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला तापल्या विळ्याने चटके दिल्याची बातमी आपण वाचली असेल. बाळावर रुग्णालयात उपचार करावे लागले आणि गुन्हा दाखल झाला. चटके देणाऱ्यांच्या मनात बहुधा द्वेष नसतो, बाळ जगावे हीच धडपड असते. म्हणून इथे पोलीस शेवटी येतात, आधी शेजारीण, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यायला हव्यात. गावचा भूमकाही सोबत हवा. बाळ आजारी आहे हे गावाला नेहमीच आधी कळते.

यासाठीच महाराष्ट्रात गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. ही समिती नियमित बसली, कोणते कुटुंब कुठे कामाला गेले आणि मुले कोणाजवळ राहिली हे तिने वहीत लिहिले, तर वरची सगळी खाती चालू लागतात. खालून हाकच गेली नाही, तर वरच्या कचेऱ्या कितीही असोत, त्या मुलाला नाहीत.

मग आपले काम काय?

पहिले, कळवणे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा पॉक्सोखाली गुन्हा आहे. पुरावा शोधणे आपले काम नाही. आरोपी संस्थेतला असेल आणि प्रमुखाने माहिती दडवली, तर प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यात चर्चला आणि मिशनला सूट नाही, आणि ती मागूही नये. "मंडळीची बदनामी होईल" हे कारण परमेश्वरापुढे टिकणार नाही.

दुसरे, गुप्तता. पीडित मुलाची ओळख उघड करणे कायद्याने मना आहे. म्हणून आपल्या अंकात अशा मुलांची नावे, गावे आणि चेहरे कधीच दिसणार नाहीत. प्रार्थनासभेतही कोणी नाव विचारू नये, ही विनंती.

तिसरे, सोबत. आपले कार्यकर्ते दुभाषी म्हणून बसतात, आईसोबत तारखेला जातात, कागदपत्रे जमवतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून पात्र मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. त्यामुळे वडील गेलेले लेकरू आजीच्या घरीच राहू शकते. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते लागते. तुमची देणगी बसभाड्यावर, आईच्या बुडालेल्या मजुरीवर आणि या कागदांवर खर्च होते. त्याचे छायाचित्र काढता येत नाही, पण एक घर मोडायचे राहते.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, जखमी माणसाला उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती सोपवले, खर्च दिला आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तोही फेडण्याचे वचन दिले. सोपवले म्हणून त्याची जबाबदारी संपली नाही.

या तिमाहीत प्रत्येक मंडळीने दोन गोष्टी कराव्यात. चर्चच्या दाराशी १०९८ आणि ११२ हे क्रमांक ठळक लिहून लावावेत. आणि मराठीसोबत कोरकू बोलणाऱ्या, सोबत जायला तयार असलेल्या बहिणींची नावे आमच्याकडे कळवावीत. दुभाषी म्हणून त्यांची नावे आम्ही दोन्ही जिल्ह्यांच्या बाल संरक्षण कक्षांकडे देऊ.