तेरियाकी सॉस: चव सोयाबीनची, चकाकी साखरेची

तेरियाकी सॉस म्हणजे सोया सॉस आणि गोड घटक एकत्र आटवून केलेला दाटसर, चकचकीत रस. जपानी स्वयंपाकात त्याचे घटक चारच असतात: सोया सॉस, मिरिन ही तांदळाची गोड दारू, साके ही तांदळाची साधी दारू आणि साखर. मासा किंवा कोंबडीचे तुकडे भाजत आले की हा रस त्यांवर थरावर थर लावला जातो. आले, लसूण आणि कॉर्नफ्लोअर यांची भर नंतरची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी मजूर हवाई बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत कामाला गेले. तिथे या रसात तांबूस साखर आणि अननसाचा रस आला, आणि पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तो बाटलीत भरला गेला. १९७६ मध्ये तोशी कासाहारा यांनी सिअ‍ॅटल शहरात सुरू केलेल्या छोट्या उपाहारगृहानंतर तेरियाकी त्या शहराची ओळखच बनली. आज भारतातल्या घरांत जो तेरियाकी सॉस केला जातो, तो बहुधा या अमेरिकी वळणाचा असतो.

या सॉसचा कणा असलेले सोयाबीन यवतमाळ जिल्ह्यातील नेर तालुक्याला नवे नाही. काळ्या जमिनीच्या या पट्ट्यात खरिपात कापूस आणि तुरीच्या जोडीने सोयाबीन पेरले जाते. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने दिलेले जेएस ३३५ हे वाण विदर्भात घरोघरी माहीत झाले. ते साधारण ९५ ते १०० दिवसांत तयार होते, म्हणून जूनच्या पावसावर पेरलेले पीक दसरा-दिवाळीच्या सुमारास थ्रेशरमधून निघून बाजार समितीत पोहोचते. तिथून ते तेल गिरण्यांकडे जाते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तेल स्वयंपाकाच्या डब्यात जाते आणि प्रथिनांनी भरलेली ढेप मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात. सोया सॉसची चव मात्र तेलातून नव्हे, या प्रथिनांतून येते. जपानमधल्या सोया सॉसचा मोठा हिस्सादेखील अख्ख्या दाण्यापासून नव्हे, तर तेल काढून घेतलेल्या सोयाबीनपासून बनतो.

प्रथिनापासून चवीपर्यंत

प्रथिनाला स्वतःची अशी फारशी चव नसते. ते अमिनो आम्लांची लांब साखळी असते आणि जिभेवरच्या स्वादग्राहकांना ती साखळी ओळखता येत नाही. साखळी तुटून ग्लुटामिक आम्ल मोकळे झाले की मात्र रश्शासारखी भरदार चव लागते. टोकियोच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून हे ग्लुटामेट वेगळे केले आणि गोड, आंबट, खारट व कडू यांच्यापलीकडच्या त्या चवीला उमामी असे नाव दिले. चांगल्या सोया सॉसमध्ये १०० मिलिलिटरमागे साधारण १ ग्रॅम मोकळे ग्लुटामेट असते.

साखळी तोडण्याचे काम एक बुरशी करते. वाफवलेले सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू जवळपास समप्रमाणात घेऊन त्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीचे बीजाणू पेरतात. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात दोन-तीन दिवसांत बुरशी दाण्यांभोवती पसरते. या मिश्रणाला कोजी म्हणतात. बुरशीची विकरे सोयाबीनमधील प्रथिनांचे अमिनो आम्लांत आणि गव्हातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. मग कोजी मिठाच्या दाट पाण्यात टाकून सहा महिने ते वर्षभर मुरवतात. एवढ्या मिठात बहुतेक जंतू तग धरत नाहीत, पण मीठ सोसणारे काही लॅक्टिक जीवाणू आणि यीस्ट तिथे वाढतात आणि आंबटपणा, थोडे अल्कोहोल व शेकडो सुगंधी संयुगे तयार करतात. शेवटी मिश्रण कापडातून दाबून रस काढतात आणि तो तापवून बाटलीत भरतात.

‘सगळे घरीच’ करण्याचा उत्साह या पायरीवर आवरलेला बरा. कोजीची बुरशी अ‍ॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीची अगदी जवळची नातेवाईक आहे. ही दुसरी बुरशी दमट जागी ठेवलेल्या भुईमुगावर, मक्यावर आणि सरकीवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृताला घातक आहे आणि नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. डोळ्यांनी पाहून या दोन बुरशींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. हवेतली बुरशी बसू देऊन घरी सोया सॉस करणे त्यामुळे धोक्याचे ठरते. त्यासाठी शुद्ध विरजणच लागते. तापमानाचीही अडचण आहे. वाढताना कोजी स्वतः गरम होते आणि ४० अंशांच्या वर गेली की बुरशी मागे पडून नको ते जीवाणू वाढू लागतात. मे महिन्यात हवेचेच तापमान ४० च्या पुढे जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात थंड खोलीशिवाय हे काम जमणारे नाही.

म्हणून सोया सॉस विकतचा घ्यावा, पण बाटलीवरचे वाचून. आंबवलेल्या सॉसच्या घटकांत सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढेच मुख्यतः दिसते. स्वस्त सॉस बनवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे सोयाबीनची प्रथिने आम्लात उकळून काही तासांत तोडणे. त्यात उमामी मिळते, पण मुरवणीतून येणारा सुगंध नसतो. त्याची उणीव कॅरॅमल रंग, साखर आणि अ‍ॅसेटिक आम्ल घालून भरून काढतात. चायनीजच्या गाडीवर नूडल्सला रंग आणणाऱ्या काळ्याभोर, दाट सॉसमध्ये हे घटक हमखास आढळतात. असा सॉस तेरियाकीसाठी घेतला तर आटवल्यावर कडवटपणा आणि खारटपणा पुढे येतो.

गोडव्याचे दोन प्रकार

तेरियाकीत साखर केवळ गोडीसाठी नसते. चकाकी आणि रंग दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात. पाणी उडून गेल्यावर विरघळलेली साखर पदार्थावर काचेसारखा गुळगुळीत थर धरते आणि त्यावरून प्रकाश परावर्तित होतो. मिरिनमध्ये तांदळाच्या पिष्टापासून तयार झालेल्या निरनिराळ्या लांबीच्या शर्करा असतात, त्यामुळे तिचा थर चटकन स्फटिक धरत नाही आणि जास्त चमकतो.

रंगाचे गणित वेगळे आहे. नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज अमिनो आम्लांशी थेट अभिक्रिया करत नाही. आधी तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे व्हावे लागतात. गुळात आणि मधात हे तुकडे तयारच असतात: गुळात थोडे, मधात भरपूर. त्यामुळे मिरिन नसेल तेव्हा गूळ आणि मध ही जोडी तडजोड म्हणून नव्हे, तर रसायनशास्त्राच्या कसोटीवरही योग्य ठरते. मध चकाकी देतो, गुळातील खनिजे आणि काकवीचा वास चवीला खोली देतात. गोडी तोलायला लागणारा हलका आंबटपणा थोड्या व्हिनेगरने येतो. दारू वापरली असती, तरी तिचा बराचसा भाग उकळताना उडून गेलाच असता. शुद्ध अल्कोहोलचा उत्कलनबिंदू ७८ अंश आहे.

कृती

चार जणांच्या भाजीला किंवा पनीरला पुरेल एवढ्या, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर सॉससाठी लागते ते असे: आंबवलेला सोया सॉस १२० मिलिलिटर, पाणी १२० मिलिलिटर, चिरलेला गूळ ६० ग्रॅम, मध एक मोठा चमचा, व्हिनेगर एक छोटा चमचा, इंचभर आल्याचा कीस आणि लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या.

गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, म्हणजे कचरा निघून जातो. पातेले रुंद तोंडाचे घ्यावे. पृष्ठभाग जितका मोठा, तितके पाणी लवकर उडते. गुळाचे पाणी, सोया सॉस, आले आणि लसूण एकत्र करून उकळी आणावी आणि मग आच मंद करावी. मध आणि व्हिनेगर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत घालावे, कारण दोघांचाही सुगंध उडून जाणारा असतो. दहा-बारा मिनिटांत मिश्रण सुमारे दोन तृतीयांश उरते. सुरुवातीला बुडबुडे लहान असतात आणि लगेच फुटतात. साखरेचे प्रमाण वाढले की ते मोठे आणि संथ होतात. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोट फिरवले आणि रेघ भरून आली नाही, की गॅस बंद करावा. गरम सॉस नेहमी पातळ वाटतो आणि थंड झाल्यावर दाटतो. पाकाला तार येईपर्यंत थांबले, तर थंड झाल्यावर त्याची चिक्की होते.

घाई असेल तेव्हा आटवण्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरतात. इथे मक्याचे पिवळे पीठ चालत नाही. कॉर्नफ्लोअर हे मक्यातून वेगळे काढलेले शुद्ध पिष्ट असते. त्याचे कण थंड पाण्यात न विरघळता नुसते तरंगतात, साधारण ६५ ते ७० अंशांना पाणी शोषून फुगू लागतात आणि उकळीजवळ पूर्ण दाटपणा देतात. कोरडे पीठ थेट गरम सॉसमध्ये टाकले तर बाहेरचे कण आधी फुगून आतल्या कणांना पाणी मिळू देत नाहीत आणि गुठळ्या होतात. म्हणून दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून, ढवळत ढवळत घालावे आणि मिनिटभर उकळावे. जास्त वेळ उकळल्यास, विशेषतः व्हिनेगर असताना, फुगलेले कण फुटतात आणि सॉस पुन्हा पातळ होतो. शिवाय पिष्टाने दाट केलेला सॉस आटवलेल्या सॉसइतका पारदर्शक दिसत नाही.

खरा रंग तव्यावर

पातेल्यात सॉस कितीही उकळला, तरी पाणी शिल्लक असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातली, तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास देणारी अभिक्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या वर जोरात होते. फ्रेंच वैद्यक आणि रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पोळीवरचे डाग आणि भाजलेल्या कणसाचा वास हे याच अभिक्रियेचे काम आहे.

तेरियाकीची रीत याच कारणाने ठरली आहे. पनीर, कोंबडी, वांगे किंवा अळिंबी आधी कोरडी पुसून गरम तव्यावर थोड्या तेलात स्वतंत्र भाजून घ्यावी. ती शिजत आली की सॉस थोडा थोडा घालावा. सॉसचा पातळ थर तव्याला लागताच त्यातले पाणी क्षणात उडते, तापमान चढते आणि पदार्थावर रंग धरतो. सॉस सुरुवातीलाच घातला, तर आतून शिजण्याआधी बाहेरची साखर करपते. कोंबडीत आणि माशात इनोसिनेट नावाचे संयुग असते, वाळवलेल्या अळिंबीत ग्वानिलेट असते. ग्लुटामेटच्या सोबतीला यांपैकी एखादे आले की उमामीची चव दोघांच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त जाणवते. पनीरमध्ये ही संयुगे जवळपास नसतात. म्हणून पनीरच्या जोडीला अळिंबी घातली की फरक कळतो.

मीठ आणि साठवण

सोया सॉसमध्ये १०० मिलिलिटरमागे सुमारे १७ ग्रॅम मीठ असते. वरील प्रमाणाने केलेल्या तेरियाकीच्या एका मोठ्या चमच्यात म्हणूनच दीड ग्रॅमच्या आसपास मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवले आहे. दोन-तीन चमच्यांतच ती मर्यादा जवळ येते. त्यामुळे या पदार्थात वेगळे मीठ घालू नये आणि उच्च रक्तदाब असलेल्यांनी सॉस चवीपुरताच घ्यावा. गुळामुळे साखरही भरपूर असते, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावे. सोया सॉसमध्ये गहू असल्याने ग्लुटेन न चालणाऱ्यांना तो वर्ज्य आहे. लहान बाळांना मध देऊ नये, हा नियम मध घातलेल्या सॉसलाही लागू होतो.

मीठ आणि साखर पाणी बांधून ठेवतात, म्हणून जंतूंची वाढ मंदावते. ती थांबते असे मात्र नाही. ताजे आले-लसूण घातलेला सॉस स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि आठवडाभरात संपवावा. कॉर्नफ्लोअर घातलेल्या सॉसला दोन-तीन दिवसांनी पाणी सुटू शकते, कारण फुगलेले पिष्ट थंडीत पुन्हा आवळते. थोडा गरम करून ढवळल्यास तो बराचसा पूर्ववत होतो. कच्च्या मांसाला लावलेला सॉस उरला, तर तो उकळल्याशिवाय वापरू नये आणि बरणीत परत ओतू नये.

नेरसारख्या तालुक्याच्या गावात मिरिन किंवा साके मिळणे कठीण आहे, पण त्यावाचून अडत नाही. गूळ, मध, आले, लसूण हे सारे किराणा दुकानात आणि आठवडी बाजारात मिळते. मुरवणीचा, म्हणजे सोया सॉसचा भाग कारखान्यावर सोपवावा आणि आटवण्याचा भाग घरी करावा, हीच सुरक्षित आणि चवीच्या दृष्टीनेही योग्य विभागणी आहे.