जबड्याचे दुखणे आणि दातांवरचा आळ

कानाच्या भोकासमोर बोट टेकवून तोंड उघडले-मिटले, की बोटाखाली एक हाड पुढे सरकून परत मागे जाते. हा जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचे गोल टोक कवटीच्या खोबणीत बसते आणि दोहोंच्या मध्ये एक लवचीक चकती असते. तोंड थोडे उघडताना हे टोक जागच्या जागी फिरते. मोठा आ वासला की चकतीसह पुढे घसरते. बोलणे, चावणे, गिळणे यांत दिवसभर राबणारा हा सांधा दुखू लागला, की ठपका बहुतेकदा दातांवर येतो : ‘दाढा नीट जुळत नाहीत, म्हणून जबडा दुखतो.’ हा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे आणि सर्वांत महागही पडतो. त्यापायी निरोगी दाढा घासून घेतल्या जातात आणि एकदा घासलेली दाढ पुन्हा भरून येत नाही.

या समजाला इतिहास आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी मांडले, की दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांधा मागे दाबला जातो आणि त्यातून कानदुखी व डोकेदुखी उद्भवते. शरीररचनेच्या पुढच्या अभ्यासात हे स्पष्टीकरण टिकले नाही, दातांवरचा संशय मात्र टिकला. ‘पण दाढ घासल्यावर दुखणे थांबले, त्याचे काय?’ असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर १९७६ च्या एका अभ्यासात मिळते. २५ रुग्णांच्या दाढा घासल्याचा नुसता आभास निर्माण केला गेला. दात प्रत्यक्षात जसेच्या तसे राहिले. तरीही १६ जणांचे दुखणे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेले. हे दुखणे मुळातच कमीजास्त होत राहते, अनेकांचे आपोआप ओसरते आणि उपचारावरच्या विश्वासानेही उतार पडतो. नुकतीच बसवलेली कॅप किंवा भरलेली दाढ उंच लागत असेल, तर ती सारखी करून घ्यावी. पण तेवढ्यावरून सगळी दंतपंक्ती बदलण्याचे समर्थन होत नाही.

मग कारण काय? बहुतेकांचे दुखणे चावण्याच्या स्नायूंत असते. एरवी ओठ मिटलेले असले तरी वरखालच्या दातांत फट असायला हवी; कामाच्या तंद्रीत दात तासन्‌तास आवळलेले राहिले, तर स्नायू थकतात आणि कानशिले ठणकतात. झोपेत दात खाल्ल्यानेही काहींचा जबडा सकाळी जखडतो. ‘पोटात जंत झाले म्हणून दात खातो’ या समजुतीला मात्र पुरावा नाही. जबड्याला लागलेला मार, संधिवात, अपुरी झोप, मनावरचा ताण, अंगात इतरत्र असलेले जुनाट दुखणे यांचाही वाटा असतो. ताणाचा उल्लेख झाला की ‘म्हणजे हे सगळे मनाचे खेळ’ असे रुग्णाला, त्यातही स्त्रियांना, ऐकवले जाते. ते चूक आहे. वेदना खरीच असते. ताण ती वाढवतो.

सांध्यातल्या ‘कट्’ आवाजाचीही विनाकारण धास्ती घेतली जाते. कसलाही त्रास नसलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या एमआरआयमध्येही चकती जागेवरून सरकलेली आढळते. न दुखणाऱ्या आवाजावर उपचार लागत नाही. तोंड उघडेनासे झाले, तर मात्र दाखवायलाच हवे. साधारणपणे स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावतात. सुपारी, गुटखा, मावा किंवा खर्रा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले आणि तिखटाने आग होऊ लागली, तर तो सांध्याचा विकार समजून थांबू नये. गालाच्या आतली त्वचा ताठर करणारा तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यातून कर्करोगाचा धोका असतो. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखून छातीत दाटत असेल, तर आधी हृदय तपासावे.

उपचारांबद्दलचा शेवटचा गैरसमज म्हणजे ‘मोठे दुखणे, मोठा उपचार’. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जुनाट दुखण्यासाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात जबड्याचे व्यायाम, तज्ज्ञाने हाताने करून दिलेली जबड्याची हालचाल आणि ताण हाताळायला शिकवणारे मानसोपचार यांवर भर आहे, चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला स्पष्ट नकार आहे. घरी काही दिवस मऊ भात-खिचडी, गरम शेक, चिक्की-ऊस-च्युइंगगमला सुट्टी आणि दात आवळलेले नाहीत ना याकडे लक्ष, एवढ्यानेही पुष्कळांना आराम पडतो. रात्री घालायची प्लेट दातांची झीज वाचवते, पण दुखणे बरे करेलच असे नाही. शस्त्रक्रियेच्या घाईची किंमत काय असते, हे अमेरिकेत दिसले : १९८० च्या दशकात चकतीऐवजी बसवलेल्या टेफ्लॉनच्या तुकड्यांनी अनेकांचे हाड झिजवले आणि १९९० च्या सुमारास ते मागे घ्यावे लागले. सांधा हाडाने जुळून गेला असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. असे रुग्ण थोडे. बाकीच्यांनी दाढ घासण्याआधी, तारा लावण्याआधी किंवा सांध्याला हात घालू देण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा : हे केले आणि गुण आला नाही, तर पूर्ववत करता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी पूर्ववत करता येणारे सगळे उपाय करून पाहण्याचा आग्रह धरावा.