बूड तेच, नळी नवी

बंदुकीच्या पोलादावर नाझी काळातल्या जर्मन तपासनिसाचा शिक्का आणि त्याच पोलादावर इस्रायली सैन्याचा डेव्हिडचा तारा. लाकडी दस्त्यावर ठसठशीत डागलेला आकडा: 7.62. दोन्ही शिक्के अंगावर असलेल्या अशा माउझर बंदुका आजही संग्राहकांकडे पाहायला मिळतात. मला सर्वांत नवल वाटतं ते त्या आकड्याचं. ही बंदूक बनली तेव्हा 7.62चं ते काडतूस जन्मालाही आलं नव्हतं!

बंदुकीचं नाव काराबिनर 98 कुर्त्स. जर्मनीने 1935मध्ये स्वीकारलेली, 111 सेंटिमीटर लांबीची आखूड माउझर. तिचं काडतूस 7.92 मिमीचं, त्याची केस म्हणजे पुंगळी 57 मिमी लांब. महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाकडे या बंदुकांचे साठे उरले होते. एप्रिल 1948मध्ये ‘नोरा’ नावाच्या जहाजातून, वर कांदे रचून, साडेचार हजार रायफली चोरून तेल अवीवला पोहोचल्या. ज्यांच्या आप्तांचा जर्मन राजवटीने संहार केला, त्याच माणसांनी त्या राजवटीसाठी घडवलेली बंदूक खांद्याला लावली.

पुढे 1954मध्ये ‘नाटो’ने 7.62 बाय 51 हे काडतूस प्रमाण मानलं आणि इस्रायलनेही ते घेतलं. आता एका सैन्यात दोन प्रकारची काडतुसं पुरवायची म्हणजे रणांगणावर घोळाला आमंत्रणच. मग राखीव दलांसाठीच्या जुन्या माउझर नव्या काडतुसाला जुळवून घेण्यात आल्या.

हे जमलं कसं? दोन्ही काडतुसं शेजारी उभी करा. एकाची केस 57 मिमी, दुसऱ्याची 51. एकाची गोळी सुमारे 8.2 मिमी जाड, दुसऱ्याची 7.8. सगळंच वेगळं दिसतं. आता दोन्ही उलटी करून बूड पाहा. व्यास दोघांचाही जवळपास 12 मिमी! बोल्टचं तोंड आणि काडतूस ओढून काढणारी नखी बुडालाच धरतात, त्यामुळे बंदुकीचा हा नाजूक भाग जवळजवळ होता तसाच चालला.

हा योगायोग नाही, ही वंशावळ आहे. 1888च्या जर्मन लष्करी काडतुसाचं बूड या मापाचं होतं. अमेरिकेने 1906मध्ये आपलं .30-06 काडतूस ठरवलं, तेव्हा बूड याच मापाचं राहिलं. त्या अमेरिकी काडतुसाची केस आखूड करत करत नाटोचं काडतूस घडलं. दोन महायुद्धांत एकमेकांवर झाडलेल्या काडतुसांचं बूड एकच होतं, हे कळलं की क्षणभर सुचेनासं होतं. नॉर्वेलाही याचाच फायदा झाला. जर्मनांनी 1945मध्ये मागे टाकलेल्या माउझरपैकी काही तिथे .30-06साठी बदलल्या. ते काडतूस जरा लांब, म्हणून पोलादी सांगाड्यात पुढे एक खाच घ्यावी लागली.

नळी मात्र बदलावीच लागते. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. नवी नळी बसवल्यावर सगळं लक्ष एकाच अंतरावर: बोल्टच्या तोंडापासून केसच्या खांद्यापर्यंत, म्हणजे ती जिथे निमुळती होते तिथपर्यंत. ते जास्त झालं तर स्फोटाच्या दाबाने पितळ ताणून फाटतं. कमी झालं तर बोल्ट बंदच होत नाही. यासाठी पोलादी मापं असतात. एका मापावर बोल्ट सहज मिटला पाहिजे, दुसऱ्यावर अजिबात मिटता कामा नये. दोन मापांमधला फरक मिलिमीटरचा लहानसा अंश! मूळ जर्मन गोळी 12.8 ग्रॅमची, नाटोची साडेनऊ ग्रॅमची आणि जास्त वेगवान. तिची वाटच निराळी, म्हणून नेम धरायच्या खुणाही जुन्या चालत नाहीत.

दस्त्यावरचा आकडा शोभेसाठी नाही. मूळ 7.92च्या बंदुकीत चुकून नाटोचं काडतूस गेलं, तर बूड सारखं असल्यामुळे नखी ते धरून ठेवते, बार उडू शकतो आणि आधार नसलेली केस फुटू शकते. ज्या साम्यामुळे बदल सोपा झाला, तेच साम्य जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त अवघड होता. आपल्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलींच्या .303 काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेला कंगोरा, तर नाटोच्या काडतुसाला तो नाही. म्हणून बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने 1960च्या दशकात त्या जुन्या रायफली बदलत न बसता, त्याच घाटाची ‘2ए’ रायफल अधिक मजबूत पोलादात नव्याने घडवली, नव्या मॅगझिनसह. माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता. त्याच दशकात, 1964 साली, जळगाव जिल्ह्यात वरणगावची आयुध निर्माणी उभी राहिली, ती 7.62 मिमीच्या काडतुसांसाठीच.