सणांची सजावट : थर्माकोलकडून कापडाच्या तुकड्यांकडे

गणेशोत्सवातील मखर, दारावरील तोरण वा मंडपातील पताका यांचे आयुष्य काही दिवसांचे. त्यांचा कचरा मात्र वर्षानुवर्षे राहतो. थर्माकोल हे पॉलिस्टायरीनचे फुगवलेले रूप असून त्याच्या आकारमानाचा बहुतांश भाग हवेचा असतो. वजन नगण्य व जागा मोठी, यामुळे ते पुनर्चक्रीकरणासाठी वाहून नेणे सहसा परवडत नाही. शिवाय तुटल्यावर त्याचे मणी नाल्यांत व मातीत पसरतात.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी, अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणासाठीच्या २००६ च्या राज्य अधिनियमाखाली, प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तिचा अंमल राज्यापुरता होता. छत्तीसगढमधील भिलाई किंवा अहिवारा येथे गणपती बसविणाऱ्या मराठी कुटुंबाला ती लागू नव्हती. पुढे १२ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने, १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली केलेल्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल, प्लॅस्टिकचे झेंडे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक यांवर देशभर बंदी आली. परीक्षार्थींनी राज्य व केंद्र या दोन पातळ्यांतील हा फरक ध्यानात घ्यावा.

बंदीने वस्तू हटते. सजावटीची हौस हटत नाही. तेथे शिंप्याकडील कातरण व घरातील जुने कपडे उपयोगी पडतात. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून गोधडी करणाऱ्या समाजाला हे तंत्र नवे नाही. त्रिकोणी तुकड्यांना अस्तर लावून ते लांब पट्टीवर शिवले की पताका होते. मखरासाठी बांबूचा सुटा सांगाडा आणि त्याला नाड्यांनी बांधता येणारे पडदे पुरेसे होतात. तुकडे शिवण्यापूर्वीच धुवावेत, अन्यथा एखाद्याचा रंग पुढे सर्वांना लागतो. समईपासून कापड दूर ठेवावे, हे सांगावयास नकोच.

तथापि 'कापड म्हणजे निसर्गस्नेही' हे गृहीतक तपासून घेतले पाहिजे. पॉलिस्टरही प्लॅस्टिकच आहे. त्याचा धागा जळताना वितळून कठीण गोळी होते, तर सुती धाग्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचे तोरण एका सणानंतर फेकले तर कचऱ्याचे केवळ रूप बदलते. म्हणून कोणते कापड वापरले याइतकेच ते किती वर्षे वापरले, यालाही महत्त्व आहे.

खरी अडचण साठवणुकीची आहे. शहरातील लहान घरात वर्षभर मखर ठेवणार कोठे? घडी घालता येणारे पडदे एका पेटीत मावतात. सांगाड्याचे तसे नाही. मंडपाचे साहित्य भाड्याने देण्याची पद्धत गावोगावी रूढ आहेच. एखाद्या महिला बचतगटाने कापडी सजावटीचे संच तसेच भाड्याने दिले, तर साठवण व दुरुस्ती एका ठिकाणी होईल. मात्र परत आलेला संच धुण्याचा खर्च भाड्यात आधीच धरावा लागेल.