गळक्या छपराची दुरुस्ती : योग्य वेळ दिवाळीनंतरची

मृगाचे पाणी शेताला हवे असते. घरात ते कोणालाच नको असते. तरीही चांदूर रेल्वे तालुक्यात काय किंवा वऱ्हाडातील इतर कोणत्याही तालुक्यात काय, पहिला जोराचा पाऊस येताच अनेक घरांत ठिबकणाऱ्या धारेखाली घमेली आणि गंज मांडावे लागतात. पाऊस ओसरला की भांडी उचलली जातात आणि गळतीचा प्रश्नही त्यांच्याबरोबर दृष्टिआड होतो. पावसात दुरुस्ती करता येत नाही आणि उघडिपीत ती आठवत नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या चालढकलीची किंमत किती मोठी असते, याचा विचार होणे आवश्यक आहे.

थेंब पडतो तेथेच दोष नसतो

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडते. २० फूट लांब आणि १५ फूट रुंद छपरावर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे १४०० लिटर पाणी जमा होते. त्यातील थोडाच भाग आत शिरला, तरी तो सरळ खाली पडत नाही. तो लाकडाच्या कडेने वाहतो, भिंतीत मुरतो आणि मग कोठेतरी थेंबरूपाने दिसतो. दिसणाऱ्या थेंबापेक्षा न दिसणारे हे मुरणे अधिक घातक होय.

मातीच्या धाब्यात कड्यांची आणि तुळयांची टोके भिंतीत टेकलेली असतात. ती वारंवार भिजून आतून कुजतात. मधला भाग मात्र धडधाकट दिसतो. भिंतीची मातीही ओलीने बळ गमावते. सततच्या झडीत आणि कधीकधी पाऊस थांबून ऊन पडल्यावरही भिंत बसते, याचे हेच कारण आहे. पाऊस उघडला म्हणजे धोका टळला, ही समजूत चुकीची आहे.

वरून टाकलेली माती

धाबे गळू लागले की वर आणखी माती टाकण्याचा प्रघात आहे. गळती काही काळ थांबते, परंतु भार वाढतो. १० फूट लांबी-रुंदीच्या खोलीवर केवळ एक इंच मातीचा थर दिला, तरी सुमारे साडेतीन ते चार क्विंटल ओझे वाढते. ती माती भिजली म्हणजे वजन आणखी वाढते. हा सर्व भार कुजत चाललेल्या लाकडावर पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड छपरे कोसळून हजारो माणसे दगावली. जड छपराचा धोका त्या वेळी महाराष्ट्राने पाहिला आहे. म्हणून जुना फाजील थर काढल्याशिवाय नवी माती टाकू नये.

स्लॅबच्या घरांनीही निश्चिंत राहू नये. भेगांतून शिरलेल्या पाण्याने आतील लोखंडी सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे खालचे काँक्रीट फुगून पापुद्र्यासारखे सुटते. अशा जागी खालून गिलावा करून रंग दिल्यास दोष झाकला जातो, दूर होत नाही. ओल विजेच्या तारांपर्यंत पोहोचल्यास भिंतीत किंवा टिनपत्र्यात विद्युत्प्रवाह उतरून प्राणहानी होऊ शकते. घरात साठविलेली तूर, बियाणे आणि कापूस यांना बुरशी लागते, ती वेगळीच.

शाळांचा प्रश्न

२८ ऑगस्ट २०१७ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील निंबोडी येथे पाऊस चालू असताना जिल्हा परिषद शाळेच्या वर्गखोलीचे छत कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळेची इमारत कोसळून सात मुले दगावली. दोन्ही घटना पावसाळ्यातील असून दोन्ही वेळी मुले शाळेत होती. अशा दुर्घटनांची कारणे एकाहून अधिक असतात. परंतु ओल आलेल्या छताखाली वर्ग भरविणे हा धोका आहे, एवढे निश्चित. ज्या खोलीच्या छताला भेग पडली आहे, जिचे काँक्रीट सुटते आहे किंवा जिची भिंत फुगली आहे, ती खोली मुख्याध्यापकांनी तत्काळ बंद करून लेखी कळवावे. निधीची वाट पाहता येईल. खोली बंद करण्यास निधी लागत नाही.

दुरुस्ती का लांबते ?

या दिरंगाईस केवळ आळस कारणीभूत नाही. छपराची आठवण होते ती रोहिणी-मृगाच्या तोंडावर. नेमके त्याच वेळी शेतकऱ्याला बियाणे, खत आणि मशागतीसाठी पैसा लागतो. गवंडी आणि सुतार मिळत नाहीत. छप्पर की पेरणी, असा प्रश्न उभा राहिल्यास पेरणीच जिंकते. काही कुटुंबे घरकुल मंजूर होण्याच्या आशेवर जुन्या घरावर खर्च करीत नाहीत. यादीतील नाव पुढचा पावसाळा थांबवीत नाही, हे त्यांना समजावून सांगितले पाहिजे.

यावर उपाय म्हणजे दुरुस्तीची वेळच बदलणे. ऑक्टोबरमध्ये भिंतीवरील ओघळ आणि छतावरील डाग ताजे असतात. गळतीचे ठिकाण अचूक सापडते. सोयाबीन निघालेले असते, कापसाचे पैसे येऊ लागतात. हिवाळ्यात सिमेंटच्या कामाला नीट पाणी देता येते. मे महिन्याच्या उन्हात ते फार लवकर सुकते. म्हणून कुजलेले लाकूड बदलणे, भेगा भरणे आणि पन्हळी दुरुस्त करणे ही कामे दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरकावीत. कवेलू फेरण्याचे काम तेवढे उन्हाळ्यासाठी ठेवावे. शाळेच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि मान्यता यांस काही महिने लागतात. ऑक्टोबरमध्ये प्रस्ताव गेल्यासच उन्हाळी सुटीत काम होऊ शकेल.

ग्रामपंचायत सदस्यांनी पावसाळा संपताच आपल्या वॉर्डातील गळकी घरे, शाळा आणि अंगणवाड्या यांची यादी करून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवावी. वृद्ध, विधवा आणि भूमिहीन यांची घरे यादीत प्रथम असावीत. दुरुस्ती होऊ न शकलेल्या धोकादायक घरांतील कुटुंबांची मुक्कामाची पर्यायी सोय जूनपूर्वीच निश्चित करावी. कोसळलेल्या घराचा पंचनामा करून मदत देता येते. ढिगाऱ्याखाली गेलेले माणूस कोणत्याही मदतीने परत येत नाही.