कर्करोग-परिचर्येची ऐंशी वर्षे

पालीहून खोपोलीपर्यंत एस.टी.ने आणि तेथून लोकल गाडीने दादरला उतरून परळचे टाटा रुग्णालय गाठावयाचे, हा क्रम सुधागड तालुक्यातील पुष्कळ कुटुंबांच्या अंगवळणी पडला आहे; आणि तेथून परतलेल्या माणसाच्या बोलण्यात शस्त्रवैद्याच्या नावाबरोबरच कोणा ‘सिस्टर’चा उल्लेख वारंवार का येतो, हे समजून घ्यावयाचे तर आठ दशकांहून अधिक काळाचा मागोवा घ्यावा लागतो.

लेडी मेहेरबाई टाटा यांचे 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि पुढे सर दोराबजी टाटा न्यासाच्या द्रव्यसाहाय्याने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळ येथे 80 खाटांचे रुग्णालय सुरू झाले. त्या काळी पाली हे भोर संस्थानातील आडगाव होते, मुंबईस जाणारे लोक धरमतरच्या आगबोटीवर विसंबून असत आणि कर्करोग म्हणजे मृत्यूचा हुकूमच, अशी जनसामान्यांची समजूत होती. उपचार दोनच, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. तेव्हा परिचारिकेचे काम म्हणजे दुर्गंधीयुक्त जखमा धुणे, तोंड उघडता न येणाऱ्या रोग्याला नळीतून अन्न घालणे आणि रोग्याच्या शरीरात रोवलेल्या रेडियमच्या सुया काढल्यावर त्या मोजून पुऱ्या भरतात की नाही ते पाहणे. या कामास स्वतंत्र नाव नव्हते, हुद्दाही नव्हता. रुग्णालय 1957 साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व 1962 साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. पण वॉर्डातील व्यवस्थेला नवे वळण मिळाले ते औषधांमुळे.

व्हिन्क्रिस्टीन किंवा डॉक्सोरुबिसिन यांसारखी औषधे शिरेत राहिली तर रोगाचा संहार करतात आणि शिरेबाहेर झिरपली तर निरोगी मांसच जाळून टाकतात. शीर निवडणे, सुईतून रक्त मागे येते की नाही ते पाहणे, आणि रोगी ‘थोडं चुरचुरतंय, पण राहू द्या सिस्टर’ असे भिडेपोटी म्हणाला तरी त्याच क्षणी औषध थांबवणे, या साऱ्याची जबाबदारी परिचारिकेच्या हातावर व नजरेवर आली, आणि येथूनच केमोथेरपीची परिचारिका ही सामान्य वॉर्डातील परिचारिकेहून वेगळी ठरू लागली.

परंतु या क्षेत्रातील सर्वांत बोलका इतिहास मला स्टोमा-परिचारिकेचा, म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर काढलेल्या मलमार्गाची निगा राखावयास शिकवणाऱ्या परिचारिकेचा, वाटतो. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे नॉर्मा गिल या स्वतः अशी शस्त्रक्रिया झालेल्या बाईंना डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी 1958 साली इतर रोग्यांना शिकवण्यासाठी नेमले, आणि एका रोगिणीच्या अनुभवातून एक नवा पेशा जन्मास आला; पुढे टाटा रुग्णालयातही परिचारिकांना या विद्येचे रीतसर शिक्षण मिळू लागले. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगात पोटावर मलमार्ग काढावयाचा असतो, तेव्हा त्याची जागा शस्त्रक्रियेपूर्वी शाईने आखून ठेवतात. ही परिचारिका रोगिणीला बसवते, वाकवते, उकिडवे बसावयास सांगते, पोटाच्या वळ्या कोठे पडतात ते पाहते, नेसत्या लुगड्याच्या निऱ्या आणि परकराची नाडी कोठे येते ते विचारते. कारण भातलावणीस दिवसभर ओणवे राहणाऱ्या बाईची त्या मार्गावर चिकटवलेली मल साठवणारी पिशवी नाडीखाली आली तर ती सुटणार, कातडी सोलवटणार, आणि ती बाई लाजेने घराबाहेर पडेनाशी होणार. तिचे उरलेले आयुष्य शेतात जावयाचे की माजघरात कोंडले जावयाचे, याचा पुष्कळसा निर्णय त्या शाईच्या खुणेने होतो, असे मी अतिशयोक्तीवाचून म्हणतो.

डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 साली टाटा रुग्णालयात अस्थिमज्जेचे यशस्वी प्रत्यारोपण केले, तेव्हापासून संसर्गापासून अलग ठेवलेल्या रोग्याची अहोरात्र निगा राखणे हे आणखी एक विशेष काम उभे राहिले. आणि 1986 साली वांद्र्यास डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या प्रयत्नाने शांती अवेदना सदन उघडले, तेव्हा रोग बरा होणार नाही हे ठरल्यावरही परिचर्या संपत नाही, हा विचार आपल्या देशात रुजला. लंडनमध्ये 1967 साली या विचाराची संस्था उभारणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स मूळच्या परिचारिकाच होत्या.

रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचे कार्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून चाललेल्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना अल्प प्रशिक्षण देऊन ॲसेटिक आम्लाच्या साह्याने गर्भाशयमुखाची तपासणी करावयास लावले, तर त्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. इतके अल्पशिक्षित हात एवढे करू शकतात, तर पूर्ण शिकलेल्या परिचारिकेने मिश्री लावणाऱ्या व तंबाखू-चुना मळणाऱ्या आमच्या मुलखात गावोगाव तोंडे तपासली असता काय साधेल!

आणि नेमके येथेच घोडे अडते. भारतीय परिचर्या परिषदेने कर्करोग-परिचर्येची एक वर्षाची पदविका मान्य केलेली आहे. पण आमच्या शासकीय आस्थापनेतील उतरंड अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढत जाते, आणि तीत वर चढणारी बाई दप्तराकडे सरकते व रोग्यापासून दूर जाते. तिने अंगी बाणवलेल्या विशेष ज्ञानाला त्या शिडीत पायरी नाही. हा मी या ऐंशी वर्षांतील सर्वांत मोठा अन्याय मानतो.

आमच्याच जिल्ह्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे उपचार व संशोधन केंद्र उभे आहे, म्हणजे शिकावयास दूर जाण्याचे कारण नाही. आरोग्य खात्याने प्रत्येक तालुक्यासाठी कर्करोग-परिचारिकेचे एक पद मंजूर करावे, त्या पदावरील व्यक्तीची बदली अन्य विभागात होणार नाही अशी तजवीज करावी, आणि सुधागडच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी पालीपासून सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.