उतारा घसरला, दोष कुणाचा?

हंगाम लागला की अहिल्यानगर जिल्ह्यात ख्यालीखुशालीच्या जोडीने उतारा विचारला जातो. शंभर किलो उसामागे हाती आलेली साखर म्हणजे उतारा. एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसासाठी मिळायचा किमान दरही त्यालाच बांधलेला: २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. १९५०-५१ मध्ये तिथे पहिलं गाळप झालं. तेव्हापासून यंत्रं बदलली, उसाची वाट तीच राहिली. गव्हाणीतून मिलमध्ये, मग रसाला चुना आणि गंधकाचा धूर, निवळलेला रस आटवून पाक, पॅनमध्ये दाणा, शेवटी सेंट्रिफ्युगलमध्ये साखर आणि मळी वेगळी. या वाटेवर साखर बगॅसमध्ये जाते, प्रेसमडमध्ये जाते, मळीत जाते आणि थोडी कुठे जाते ते कळतच नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात तिच्यासाठी ‘अज्ञात तूट’ असा रकाना असतो. इतका प्रामाणिक रकाना इतर ताळेबंदांत क्वचितच दिसेल.

साखर नेमकी कुठल्या टप्प्यावर गळते, हे शोधायला एक जुनं साधन आहे: अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण आलेख. रोजचा स्वाभाविक चढउतार मोजायचा, त्याच्या मर्यादा आखायच्या आणि बिंदू बाहेर पडला तरच कारण शोधायला निघायचं. 

पण हा आलेख प्रत्येक टप्प्याला सुटासुटा लावला की फसगत होते. समजा, तोडलेला ऊस दोन दिवस ट्रॉलीत पडून राहिला. जिवाणूंनी साखर खाल्ली. मग मिलच्या रसाची शुद्धता घसरते, निवळ रसाची घसरते, पाकाचीही घसरते. सगळीकडे बिंदू बाहेर, आणि बोलणी खातो पॅनमन, कारण शेवटी तो उभा! याच्या उलट प्रकार जास्त महाग पडतो. ऊस ताजा आणि गोड आहे, पण चुना कमी पडून रस आंबट राहिला आणि तापताना साखर फुटली. तरी मूळ ऊसच चांगला असल्यामुळे निवळ रसाचा आकडा मर्यादेत बसतो. आलेख गप्प.

यावर चीनमधल्या झांग यांनी १९८० च्या दशकात तोड काढली. साखर कारखान्यात ती अशी लागू होते: मिलच्या रसाची शुद्धता इतकी, तर निवळ रसाची किती यायला हवी, हे जुन्या नोंदींवरून समीकरणाने काढायचं आणि अपेक्षित व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा आलेखावर मांडायचा. शिळा ऊस पहिल्याच आलेखावर पकडला जातो, पुढचे शांत राहतात. चुन्याची चूक मात्र तिच्याच टप्प्यावर उघडी पडते.

अडचण वेळेची आहे. निवळणीच्या टाकीत रस दोन-तीन तास राहतो. शेवटचा मसेक्वीट, म्हणजे पॅनमधून निघालेलं दाणे आणि मळीचं मिश्रण, थंड व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतो. आजच्या मळीचा जाब आजच्या उसाला विचारता येत नाही, म्हणून समीकरणाआधी नोंदी मागेपुढे सरकवाव्या लागतात. किती तास, हे ठरवताना पाळीच्या केमिस्टला शेजारी बसवावंच लागतं. मध्ये मिल किती वेळ बंद होती, ते त्याला ठाऊक असतं.